व्याह्यांनी न केलेली सही

माझ्या व्याह्यांइतका खरं बोलणारा, आणि त्यामुळेच सहन न होणारा माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांना उगमापासून खाडीपर्यंत दुसरा सापडणार नाही. हे वाक्य त्यांनी वाचलं तर चष्मा कपाळावर सरकवून ते पहिला प्रश्न विचारतील, "दोन्ही काठ हिंडलात का?" मी हिंडलेलो नाही. माझं आयुष्य पोलादपूर आणि महाड या दोन गावांत गेलं, त्यातली बत्तीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी करण्यात. तरीही वाक्य मी खोडणार नाही. एकोणऐंशी वर्षांचा झालो आहे. या माणसाबद्दल एकदा बेधडक विधान करायची माझी इच्छा आहे, कारण याच माणसाच्या नावावर मी एकदा धडधडीत खोटं विधान केलं आणि नंतर बारा वर्षं गप्प बसलो. ते आज सांगून टाकायचं आहे. पण हा माणूस काय चीज आहे ते आधी कळल्याशिवाय माझा अपराध केवढा ते कळायचं नाही.

माझी मुलगी त्यांच्या घरी द्यायचं ठरत होतं तेव्हाची गोष्ट. महाडला त्यांच्या घरी आम्ही सात-आठ माणसं बसलो होतो. चहा-पोहे झाले, मुलाची नोकरी, शिक्षण सगळं बोलून झालं, आणि माझ्या थोरल्या भावाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "मुलाला काही व्यसन वगैरे नाही ना?" हा प्रश्न कोणी उत्तरासाठी विचारत नाही. मुलाच्या बापाने "छे छे, सुपारीचं खांडसुद्धा नाही" म्हणायचं आणि तारखेच्या गोष्टीकडे वळायचं. हे गृहस्थ विचारात पडले. मग म्हणाले, "माझ्यासमोर घेत नाही." आत विहीणबाईंच्या बांगड्या वाजलेल्या बाहेर ऐकू आल्या. भावाने सावध होऊन विचारलं, "म्हणजे मागे घेतो?" व्याही म्हणाले, "मागे मी नसतो." जमत आलेलं लग्न त्या तीन शब्दांवर मोडायला निघालं. मुलगा बिचारा कोकम सरबताच्या पुढे कधी गेला नव्हता, पण ते आम्हाला त्याच्या चार मित्रांना गाठून काढावं लागलं. मी संतापून म्हणालो, "अहो व्याहीबुवा, आपल्या पोराबद्दल एक 'नाही' म्हणता येत नाही तुम्हाला?" तर म्हणाले, "तुम्ही तुमची मुलगी देताय. खात्री तुम्ही करायची. मी कशी करून देऊ?"

घरातही हाच प्रकार. विहीणबाईंनी आमटी वाढून विचारावं, मीठ बरोबर झालंय का. उत्तर येतं, "परवापेक्षा कमी आहे. परवा बरोबर होतं की नाही ते आठवत नाही." बाई म्हणतात, या घरात बेचाळीस वर्षं मी मीठ अंदाजाने घालतेय आणि अंदाजानेच जगतेय. रस्त्यात कोणी वेळ विचारली तर व्याही घड्याळ बघतात आणि सांगतात, "माझ्या घड्याळात सव्वाचार. पण ते पुढे जातं. किती जातं ते आज ताडून पाहिलेलं नाही." तोवर विचारणाऱ्याची एसटी गेलेली असते. डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्याने विचारलं, पोटात दुखतंय की छातीत. हे म्हणाले, "दुखतंय एवढं मला कळतं. नाव तुम्ही द्या."

हा स्वभाव त्यांनी कारखान्यातून आणला असं विहीणबाई म्हणतात. देशावरच्या एका सरकारी कारखान्यात दुर्बिणींची भिंगं बसवण्याच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकासाठी माल परत पाठवायचा, हे त्यांचं रोजचं काम. निवृत्त झाल्यावर महाडात चवदार तळ्याच्या वाटेवर एक गाळा घेतला आणि पाटी लावली : 'येथे चष्मे, दुर्बिणी व मोजणीची उपकरणे पाहिली जातात.' मी म्हटलं, पाहिली जातात काय, दुरुस्त केली जातात असं लिहा. "दुरुस्त होतंय का ते पाहिल्यावर कळतं," ते म्हणाले. तरीही माणसं येत. जमीन मोजणारे, रस्त्याचे ठेकेदार, खेडहून, माणगावहून आपापली उपकरणं घेऊन येत, कारण या माणसाने 'बरोबर आहे' म्हटलं की ते बरोबरच असे. 'बरोबर आहे' हे ते वर्षातून सात-आठ वेळाच म्हणत, हा भाग वेगळा. मार्चमध्ये तळ्यावर माणसांचा लोट येतो तेव्हा गर्दीत कोणाच्या चष्म्याची काडी मोडते, कोणाची काच निखळते. ते दोन दिवस व्याही दुकानाबाहेर स्टूल टाकून बसतात आणि फुकट काड्या बसवून देतात. एका वर्षी जालन्याकडच्या एका म्हातारीने चष्मा डोळ्यांना लावून, त्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हटलं, "शंभर वर्षं जगशील बाबा." हे म्हणाले, "आजी, स्क्रू तेवढा टिकणार नाही. गावाला गेल्यावर नवा बसवून घ्या."

महाडात पुराचं पाणी शिरलं आणि त्यांचं दुकान बुडालं, तेव्हा मी फोन केला. विचारलं, पाणी किती चढलं, लोक म्हणतात छातीपर्यंत. पलीकडून प्रश्न आला, "कोणाच्या?" माणूस गुडघाभर चिखलात उभा आहे, सगळी हत्यारं वाहून गेली आहेत, आणि विचारतो कोणाच्या. पाणी ओसरल्यावर त्यांनी भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला पट्टी लावून आकडा लिहून ठेवला. पुढे नगरपालिकेचे लोक माहिती घ्यायला आले तेव्हा त्या गल्लीत नेमका आकडा एवढाच होता.

आता माझ्याकडे या. मी त्यांच्या अगदी उलट जातीचा माणूस. कचेरीत आम्हाला एकच गोष्ट शिकवली : रकाना रिकामा सोडायचा नाही. माहिती नसेल तर 'निरंक' लिहा, 'उपलब्ध नाही' लिहा, 'चौकशी सुरू' लिहा, पण कोरा रकाना साहेबांपुढे नेऊ नका. कोरा रकाना म्हणजे कारकुनाचा आळस. शिवाय आम्हाला आणखी एक कला येते. मूळ कागदाची नक्कल काढताना मूळ कागदावर जिथे सही आहे तिथे नकलेत आम्ही 'सही/-' असं लिहितो. म्हणजे वाचणाऱ्याने समजायचं, मूळ प्रतीवर माणसाने सही केलेली आहे. हजारो वेळा लिहिलं असेल मी ते. हात आपोआप लिहितो.

निवृत्तीनंतर मी पोलादपूरच्या माजी सैनिकांच्या मंडळाचा चिटणीस झालो. मी सैनिक नव्हे, पण अर्ज-विनंत्या लिहायला त्यांना कोणी हवं होतं. या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पलटणीत गेली आहेत. घरोघर पेटीत एखादं पदक, एखादा पट्टा, पाण्याची बाटली पडलेली असते. त्या वस्तू एका खोलीत मांडाव्यात असं ठरलं. मी हौसेने सात रकान्यांची नोंदवही आखली. वस्तू कोणाची, कोणी दिली, कोणत्या लढाईतली, सहावा रकाना 'प्रकार / मॉडेल', सातवा 'ओळख पटवणाऱ्याचे नाव व सही'.

कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीतून एक बाई आली. तिचा सासरा ब्रह्मदेशाच्या लढाईत होता, हवालदार होऊन परतला. तिने लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक काळी नळी आणली. वीतभरापेक्षा थोडी लांब, दोन्ही टोकांना भिंगं, वर एक फिरती चकती आणि बाजूला एक. "सासऱ्यांच्या रायफलीवरची दुर्बीन हाय," ती म्हणाली. "लांबचा माणूस टिपायची. मरेस्तोवर रोज पुसायचे." रायफल सरकारची आणि दुर्बीण घरी कशी, असं कोणी विचारलं नाही. ज्याच्या हातून ती आली तो कधीच गेला होता.

सहावा रकाना भरायचा होता. मी नळी घेऊन महाडला व्याह्यांकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. पुढे नात जन्मली तेव्हा एकदाच तसा झालेला पाहिला. चकती कानाशी धरून त्यांनी एकेक टिचकी मोजली. भिंग लावून नळीवरचा आकडा पाहिला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही जुनी इंग्रजी बनावट. हिच्यात तीन प्रकार निघाले, मार्क वन, टू आणि थ्री. पहिला लढाईच्या सुरुवातीचा, तिसरा शेवटाचा आणि नंतरचा."

"मग ही कोणती?"

"नळीवरचा आकडा खोडून शेजारी दुसरा ठोकलाय. चकतीच्या टिचक्या एका प्रकाराशी जुळतात, नळीची घडण दुसऱ्याशी. आणि इथे मागे, डोळ्याजवळ, रंग झिजलाय तो भलत्याच अंगाला. कारण कळत नाही."

"म्हणजे काय लिहू?"

"अजून सांगता येत नाही."

असे चार महिने गेले. मी दर आठवड्याला फोन करायचा आणि तिकडून 'अजून सांगता येत नाही.' एकदा म्हणाले, "मला त्या बाईंना भेटायचंय. हवालदारांबद्दल दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत." मी वैतागलो होतो. म्हटलं, "व्याहीबुवा, ती बाई लढाईत नव्हती. तिला काय कळतंय त्यातलं? ओळखणारे तुम्ही." हे वाक्य मी बोललो. त्यांना त्या वाडीत नेणं माझ्या हातात होतं आणि मी नेलं नाही.

खोलीच्या उद्घाटनाला आठ दिवस राहिले, तेव्हा मांडायची म्हणून नळी मी परत आणली; व्याह्यांनी तिची टिपणं तेवढी वहीत ठेवली. सगळे रकाने भरलेले आणि एकच कोरा. मला झोप लागेना. मुलाच्या फोनवर एक फोटो सापडला, थेट तशीच काळी नळी, खाली मार्क वन लिहिलेलं. मी लिहिलं : मार्क वन. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर वापरलेली. आणि सातव्या रकान्यात व्याह्यांचं पूर्ण नाव, कारखान्यातला हुद्दा, आणि त्याखाली 'सही/-'. मूळ सही कुठेच नव्हती. मग तेच सुवाच्य अक्षरात पांढऱ्या पुठ्ठ्यावर उतरवून काचेच्या पेटीत नळीशेजारी ठेवलं. मला वाटलं, ते कधीतरी मार्क वनच म्हणणार आहेत, मी फक्त थोडं आधी लिहितोय. उद्घाटनाला त्यांना सर्दीतापाने येता आलं नाही. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

सहा महिन्यांनी मंडळाच्या कार्यक्रमाला साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले. त्यांची नोकरी पलटणीची शस्त्रं दुरुस्त करण्यात गेलेली. त्या दिवशी व्याही पहिल्यांदाच त्या खोलीत आले होते. पेटीपुढे उभे राहून पुठ्ठा वाचत होते. त्यांनी तो दोनदा वाचला. मी पाठीमागे उभा होतो आणि काही बोलायला जागा शोधत होतो, तेवढ्यात सुभेदारांनी पेटी उघडायला लावली, चकती चार वेळा फिरवली आणि मोठ्याने म्हणाले, "ही मार्क वन कसली? ही चकती मार्क थ्रीची. हवालदार घरी आल्यावर ही बनली असेल. भंगारातून घेतली असणार म्हाताऱ्याने." दोन-चार माणसं हसली. हवालदारांची सून दाराशी चप्पल घालत होती, तिने ते ऐकलं. सुभेदारांनी पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे साहेब कोण?" सगळ्यांच्या माना व्याह्यांकडे वळल्या.

व्याही माझ्याकडे पाहतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, "पुठ्ठ्यावर माझं नाव आहे, हे खरं आहे."

बस, एवढंच. आणि ते अक्षरशः खरं होतं. पुढचा प्रश्न कोणी विचारला असता, की बाबा, तुम्ही हे सांगितलं होतं का, तर त्यांनी 'नाही' म्हटलं असतं आणि माझी अब्रू तिथेच गेली असती. पण कोणी विचारलं नाही. जमलेल्या चाळीस माणसांपैकी एकाच्याही डोक्यात तो प्रश्न आला नाही, याचा मला आजही संताप येतो. आणि चाळीस माणसांत एक मी होतो, ज्याला प्रश्नच विचारायची गरज नव्हती.

बाईने नळी परत मागितली. मी दिली. पुठ्ठा मात्र पेटीतून काढला नाही, कारण काढला तर का काढला ते सांगावं लागलं असतं. शेजारी चिठ्ठी ठेवली : 'वस्तू दुरुस्तीसाठी पाठवली आहे.' एका खोट्याला दुसरं जोडून मी मोकळा झालो.

व्याही मात्र मोकळे झाले नाहीत. महाडात त्यांचं नाव 'मार्क वन' पडलं. ज्यांना जन्मात दुर्बीण कशी धरायची ते माहीत नाही ते चहाच्या टपरीवरून हाका मारू लागले, "काय मार्क वन, आज खात्री झाली का?" ज्या माणसाला खात्री या शब्दाचं वजन माहीत होतं त्याला या लोकांनी खात्रीवरून चिडवावं, जे स्वतः पेपरातलं राशिभविष्य वाचून गाडी घेतात. ठेकेदारांची उपकरणं पुण्याला जाऊ लागली. एकाने तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही मिलिटरीची नळी ओळखायला चुकता, आमच्या रस्त्याचं काय?" त्याचा रस्ता मी पाहिलाय. त्यात म्हैस बसेल असे खड्डे आहेत. आणि व्याही? ते चिडतही नव्हते. मला वाटायचं, एकदा तरी या माणसाने टपरीवर जाऊन बाकडं आपटावं आणि माझं नाव घ्यावं, म्हणजे सुटलो. त्यांनी ते सुखही मला दिलं नाही. सणावाराला आलो-गेलो की विचारायचे, "कसे आहात?" आणि मी "बरा आहे" म्हणालो की माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे.

यंदा त्यांच्या भाचीच्या लग्नात, महाडच्या हॉलमध्ये, माइकवरच्या सूत्रसंचालकाने वडीलधाऱ्यांचं स्वागत करताना म्हटलं, "आणि आता आपल्या सर्वांचे लाडके, मार्क वन मामा." सगळा हॉल हसला. व्याही हातात गुलाबाचं फूल घेऊन उभे राहिले आणि लोकांना नमस्कार केला. माझं डोकं फिरलं. मी त्या सूत्रसंचालकाला गाठायला स्टेजच्या पायऱ्या चढलो, आणि दुसऱ्या पायरीवर माझ्या मनात आलं, मी याला काय विचारणार आहे? हे नाव कोणी ठेवलं, असं? मी तिथून तसाच उतरलो आणि न जेवता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. व्याही चष्म्याची काच पुसत होते. "जय भीम, व्याहीबुवा. या," ते म्हणाले. मी बसलोही नाही. म्हणालो, "तो पुठ्ठा मी लिहिला. तुमचं नाव मी घातलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"वाचला तेव्हापासून. माणसाऐवजी 'सही/-' करणारे लोक फक्त तुमच्या कचेरीत असतात."

बारा वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी जरा रागानेच म्हणालो, "मग मी आता हे कोणाला सांगायला आलोय?"

"मलाही तेच कळत नाही," ते म्हणाले. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा ना. त्या बाईंना सांगा."

"तुम्ही चला बरोबर."

"मला त्यांच्याकडे बारा वर्षांपूर्वीच जायचं होतं," ते म्हणाले आणि दुकानाचं शटर ओढलं.

पोलादपूरहून जीप केली. वाडीत पोचलो तेव्हा हवालदारांची सून पडवीत नाचणी पाखडत होती. आता तीही सत्तरीला आलेली. आम्हाला ओळखून तिने सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"आता काय ऱ्हायलंय? सासरा खोटा ठरवून झाला. आता नवऱ्याचं काय काढायचं हाय?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कचेरीत मी पुष्कळांचे जबाब लिहून घेतले होते, स्वतःचा पहिल्यांदाच दिला. ती ऐकत होती. मग व्याह्यांकडे बोट करून म्हणाली, "म्हंजे ह्या भाऊंनी काय सांगितलंच नव्हतं?"

"अजून सांगता येत नाही, एवढंच म्हणाले होते."

"आन तुमी लिवून टाकलंत."

"हो."

"बारा वर्सं पाणवठ्यावर मला बायका बोलल्या, भंगारवाल्याची सून म्हनून. आन तुमी खाली पोलादपुरात होतात, एका जिपेच्या अंतरावर."

ती व्याह्यांना म्हणाली, "मग तुमी सांगा भाऊ. दुर्बीन त्यांची हाय का नाय?"

मी मनात म्हटलं, आता तरी हो म्हणा. आयुष्यात एकदा, या म्हाताऱ्या बाईसाठी, एक 'हो' म्हणा. व्याही म्हणाले, "माहीत नाही. चकती नंतरची आहे, सुभेदार चुकले नाहीत. पण नळी आधीची असू शकते. कारखान्यात मोडकी दुर्बीण आली की आम्ही एकीचा भाग दुसरीला बसवायचो, आणि मग नळीवरचा आकडा बदलायचो. चकती कोणी, कधी बदलली ते मला सांगता येत नाही. ती बघायला मिळेल का?"

मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. बाई मात्र उठली, आत गेली आणि तोच लुगड्याचा तुकडा घेऊन आली. व्याह्यांनी नळी मांडीवर घेतली, खिशातून वही काढली, जुनी पानं उलटली. मग मागच्या टोकाला, डोळ्याजवळच्या झिजलेल्या रंगावर अंगठा ठेवला, उजवा ठेवून पाहिला, डावा ठेवून पाहिला.

"ताई, हवालदार कोणत्या हाताने काम करायचे?"

"डावरे होते. जेवायला तेवढा उजवा, आईने मारून मारून लावलेला. बाकी समदं डाव्यानं. त्यांचा कोयता अजून हाय तिकडं. धार उलट्या अंगाला. घरात दुसऱ्या कुणाला चालवता येत नाय."

ती कोयता घेऊन आली. व्याह्यांनी त्याची धार पाहिली, मूठ पाहिली, मुठीवरची झीज पाहिली आणि मग परत नळीवरची. दोन्ही वस्तू मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. मी म्हणालो, "झालं ना मग? सिद्ध झालं."

"सिद्ध झालं नाही," ते म्हणाले. "ज्याने ही नळी वर्षानुवर्षं हाताळली तो डावरा होता, एवढं दिसतं. हवालदार डावरे होते. मी दोन्ही नोंदी करतो."

"करा नोंद," बाई म्हणाली. "खोटा नव्हता एवढं लिवा."

"खोटे होते असं कुठेही दिसत नाही, असं लिहितो. चालेल?"

तिने थोडा विचार केला. "तुमी लिवलंत तर चालंल," ती म्हणाली, आणि पुन्हा सुपाकडे वळली. मला काही म्हणाली नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही म्हणालो नसतो.

पोलादपूरच्या खोलीतला तो पुठ्ठा आणि 'दुरुस्तीसाठी' वाली चिठ्ठी मी काढून टाकली आहे. तिथे आता माझ्या नावाने आणि माझ्या खऱ्या सहीने एक कागद आहे, त्यात वर सांगितलेलं सगळं आहे. महाडच्या टपरीवाल्यांना आणि त्या सूत्रसंचालकाला ते जाऊन वाचायचं नसेल तर त्यांनी हे वाचावं. व्याही चुकले नव्हते. त्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

वाडीतून उतरताना जीपमध्ये आम्ही दोघेच मागे होतो. न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी सुभेदारांसमोर तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला खोटं सहन होत नाही, मग हे कसं झालं?"

त्यांनी बाहेर पाहत सांगितलं, "मी खोटं बोललो नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारू नये असं मात्र वाटत होतं. आमच्या सूनबाईला आठवा महिना होता. तिच्या बापाला चारचौघांत खाली मान घालायला लावायची आणि संध्याकाळी तिच्या हातचं जेवायचं, ते जमलं नसतं. म्हटलं, ती सुखरूप मोकळी होऊ दे, मग बोलू. मग नात झाली. तुम्ही पेढे घेऊन आलात, इतके खुशीत होतात. मग राहिलंच."

आमची नात आता सातवीत आहे. मी हिशेब केला. गाडी वळणं घेत खाली उतरत होती. वळणावर ते थोडे माझ्या अंगावर कलत होते आणि "माफ करा" म्हणत सरळ बसत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मी त्यांचा हात धरून ठेवला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.